काशीहून परतीची वाट

उत्तरेकडील माणसाला ‘परदेशी’ म्हणण्याची महाराष्ट्राची जुनी रीत आहे. परंतु मराठी यात्रेकरू काशीस पोचला, म्हणजे परदेशी ठरे तो स्वतःच. बोली निराळी, गल्ल्या अरुंद, आणि वाट सांगणारा भला की ठक हे कळण्यास मार्ग नाही. अशा वेळी त्याची पावले दुर्गाघाटाकडे वळत. अठराव्या शतकात पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी हा घाट बांधविला आणि त्याच्या आसपास मराठी घरांची वस्ती वाढली. तेथे आपल्या भाषेत प्रश्न विचारता येई, आणि उत्तरही आपल्याच भाषेत मिळे.

आगगाडीपूर्वी हे प्रश्न पायवाटेचे असत. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेस गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांच्या काळी नदीला उतार कोठे आहे, मुक्काम कोठे करावा आणि सोबत कोणाची धरावी, हे विचारावे लागे.

पुढे लोहमार्ग आला. १८६२ मध्ये तो काशीसमोर, गंगेच्या पलीकडील तीरापर्यंत पोचला. १८७० मध्ये मुंबईकडून येणारा मार्ग जबलपुरास अलाहाबादकडील मार्गाला मिळाला आणि महिन्यांची वाट दिवसांवर आली. १८८७ साली राजघाटाचा पूल झाला, तेव्हा गंगा ओलांडण्याची अडचणही सरली. तरी विचारण्याची गरज संपली नाही. बदलले ते प्रश्न.

त्या काळी परतीचा एक प्रवास तीन कंपन्यांच्या हद्दीतून होई. काशीहून मोगलसराईपर्यंत औंध-रोहिलखंड रेल्वे, तेथून जबलपूरपर्यंत ईस्ट इंडियन, आणि पुढे जी. आय. पी. गाडी कोठे बदलावी, हे न कळले तर माणूस मुंबईऐवजी कलकत्त्याच्या वाटेला लागे. त्यात घड्याळाचा घोळ. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले. मुंबईची वेळ तिच्याहून अर्धा तास मागे, तर काशीची सुमारे अकरा मिनिटे पुढे. मुंबईचे घड्याळ खिशात बाळगून निश्चिंत बसलेल्याची गाडी हुकणे साहजिकच होते. वेळापत्रक छापलेले असले, तरी ते ज्याला वाचता येत नसे त्याला सांगणाऱ्याचाच आधार.

आणि सांगणाऱ्यावर विश्वास कसा ठेवावा? याचे उत्तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत होते. गाव आणि आडनाव सांगताच ती उघडे, आणि आजोबांच्या हातची सही समोर येई. ज्या घराने आजोबांना वाट दाखविली, ते नातवाला फसविणार नाही, असे यात्रेकरू मानी. उपाध्यायालाही दक्षिणेची अपेक्षा असे, हे खरेच. परंतु नातू पुढेही यावयाचा असेल, तर आज त्याला योग्य गाडीत बसविण्यातच उपाध्यायाचे हित होते. श्रद्धा आणि व्यवहार यांची अशी सांगड पडली होती.

आज मुंबईहून वाराणसीस थेट गाड्या जातात. मोगलसराई स्थानकाचे नाव २०१८ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन असे झाले. वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवलेले नाव फलकावर न दिसल्याने एखादा वृद्ध यात्रेकरू आजही गोंधळतो आणि शेजारच्या प्रवाशाकडे वळतो. फलक सर्वांसाठी एकच असतो. पण आपण चुकीच्या गाडीत तर नाही ना, ही धास्ती ज्याची त्याची असते, आणि ती कोणीतरी आपल्या भाषेत दिलेल्या उत्तरानेच जाते.