लाकडी पट्टीचं सॉफ्टवेअर

चाकणच्या एखाद्या गिअरबॉक्स लाइनवर बेअरिंग हाउसिंगमध्ये दाबून बसवताना एक सेन्सर बळ मोजतो, दुसरा अंतर. दोन्ही मिळून स्क्रीनवर एक रेषा उमटते. बेअरिंग तिरकं शिरलं, तर शेवटचा आकडा हद्दीत येऊनही रेषेला मध्येच उंचवटा आलेला असतो. पार्ट ओके की रिजेक्ट, ते अशा वेळी सबंध रेषेवरूनच ठरवायला हवं. रेषेलाच एक निरीक्षण मानून तिचं संख्याशास्त्र करणारी सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात. त्यांचं कूळ मात्र जहाजबांधणीतलं.

जहाजाचा बाक आखताना कारागीर लाकडाची पातळ पट्टी वाकवत आणि ती हलू नये म्हणून जागोजागी वजनं ठेवत. तीच स्प्लाइन. गणितज्ञ आयझॅक शोनबर्ग यांनी १९४६ साली तिला गणितात आणलं. पुढचं काम मोटारवाल्यांच्या गरजेतून सुरू झालं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल द बोर अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात होते, आणि तिथे प्रश्न होता मोटारीच्या पत्र्याची वळणं संगणकाला सांगायची कशी. १९७२ साली द बोर आणि ब्रिटनमधले मॉरिस कॉक्स यांनी स्वतंत्रपणे बी-स्प्लाइनची (ज्यांची बेरीज करून कोणतीही स्प्लाइन बनते त्या मूळ तुकड्यांची) किंमत काढायची भरवशाची रीत छापली.

कुळाची दुसरी शाखा कारखान्यातली नाहीच. वाढीच्या रेषांची तुलना कशी करावी, यावर संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९५८ सालीच लिहिलं होतं. पण सबंध रेषा हाच डेटा, हा आग्रह धरला मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स रॅमसे यांनी, १९८२ साली. संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड सिल्व्हरमन यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक १९९७ साली आलं. सोबतचा कोड आधी मॅटलॅब आणि एस-प्लससाठी होता. नंतर तो ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत ‘एफडीए’ (फंक्शनल डेटा अॅनालिसिस) नावाच्या पॅकेजात आला. त्यात सरावाला अमेरिकेतल्या बर्कलेच्या ५४ मुली आणि ३९ मुलांच्या उंचीच्या नोंदी आहेत, वय १ ते १८, प्रत्येकाच्या ३१.

त्या नोंदींतली खरी अडचण म्हणजे कोणी अकराव्या वर्षी झपकन वाढतं, कोणी चौदाव्या. नुसती सरासरी काढली तर ती कोणाच्याच वाढीसारखी दिसत नाही. म्हणून रेषा आधी एकमेकींशी जुळवून घ्याव्या लागतात. बेअरिंग दाबणाऱ्या प्रेसवरही हेच: पार्ट किंचित वर-खाली बसला की रेषा आडवी सरकते.

त्याआधीची पायरी मला जास्त जोखमीची वाटते. शेकडो वाचनांतून सॉफ्टवेअर थोड्या बी-स्प्लाइनची बेरीज तयार करतं, आणि रेषा फार खडबडीत झाली तर दंड लावतं. तो दंड किती, हे ठरवणाऱ्या आकड्याला लॅम्डा म्हणतात. तो कमी ठेवला तर सेन्सरची थरथरही खरी वाटू लागते. जास्त ठेवला तर दोषच गुळगुळीत होऊन जातो. योग्य आकडा सॉफ्टवेअर सुचवतं खरं, पण त्याला बेअरिंग माहीत नसतं. प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय तो कायम करू नये.

वंश पुढे वाढतोच आहे. स्पेनमधून ‘आर’साठी ‘एफडीए डॉट यूएससी’ आलं, आणि माद्रिदच्या स्वायत्त विद्यापीठातून पायथनसाठी ‘सायकिट-एफडीए’. कॉलेजातून पायथन शिकून आलेल्या नव्या इंजिनिअरला हेच सोयीचं पडतं. बी-स्प्लाइन काढायला सायकिट-एफडीए ‘स्कायपाय’ ही पायथनची गणिती लायब्ररी वापरतं, आणि स्कायपायच्या आत रीत द बोर यांचीच चालते.