जुन्या जीपचा आंस

मुरबाड तालुक्यांतील आमच्या धसईच्या शेतकऱ्यास दोन्ही चाकें जोडणारा अखंड आंस नवा नाहीं. बैलगाडी त्यावरच चालते. १९४१ च्या लष्करी विलिस जीपचीं पुढचीं चाकेंहि अशाच आंसावर होतीं. स्वातंत्र्यानंतर महिंद्रा कंपनीनें माझगांवांत विलिस जीपगाड्या जुळविल्या, आणि तो आंस आपल्याकडे रुळला.

२०१० च्या ‘थार सीआरडीई’मध्यें मात्र पुढचीं चाकें स्वतंत्रपणें हलूं लागलीं. प्रवास सुखाचा झाला. परंतु दगडधोंड्यांत एक चाक उचललें असतां दुसरें खालीं दाबणारा अखंड आंस कांहीं हौशी मालकांस पुन्हा हवासा वाटला. ते तो जुन्या जीपमधून काढून बसवूं लागले.

तो निवडावा कसा? येथें शाळेंतलें त्रैराशिक कामास येतें. लष्करी जीपच्या आंसांत ८ व ३९ दांत्यांचीं चक्रें होतीं. १९४५ च्या नागरी जीपमध्यें ८ व ४३ दांत्यांचीं. आंसास फिरविणारा दांडा १०० वेळां फिरला, तर पहिल्याचीं चाकें सुमारें साडेवीस फेरे घेतात, दुसऱ्याचीं साडेअठरा. पुढें एक व मागें दुसरा आंस असून चारी चाकें जोडलीं, तर जोडींतला एक बैल धांवावा व दुसरा रेंगाळावा तसें होतें. घट्ट जमिनीवर तो सारा ताण दांत्यांवर येतो.

म्हणून प्रथम मागच्या आंसाचे दांते मोजावे, मग रुंदी व दांड्याची बाजू पाहावी. मजबुतीचा विचार त्यानंतर. मूळ रचनेंतील फेरबदलांवर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे निर्बंध आहेत, हेंहि ध्यानीं असावें.