खड्गपरीक्षा आणि छेदनाभ्यास

चाकणचा संग्रामदुर्ग इ. स. १६६० च्या पावसाळ्यांत फिरंगोजी नरसाळा ह्यानें शाएस्तेखानाविरुद्ध सुमारें ५५ दिवस झुंजविला, हें वाचकांस विदितच आहे. तलवारीची परीक्षा रणांतच होई, त्या काळचीं पातीं आज संग्राहकांच्या भिंतींवर आहेत. आणि त्याच चाकणच्या आसमंतांत जपानी कारखाने उभे आहेत. भिजविलेल्या गवती चटईच्या गुंडाळीवर तलवारीचा घाव घालून पाहण्याचा अभ्यास जपानांत ‘तामेशिगिरी’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यासाठीं तलवार कोणती निवडावी, ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या जुन्या पात्यांसही लागू पडतें. म्हणून हा अल्प लेख.

आमच्या शास्त्रकारांनीं सांगितलेली खड्गपरीक्षा प्रायः पाहण्याची, मोजण्याची व ऐकण्याची आहे. भोजराजाच्या नांवावरील युक्तिकल्पतरूंत अंग, रूप, जाति, नेत्र, अरिष्ट, भूमि, ध्वनि व मान अशीं तिचीं आठ अंगें दिलीं आहेत. त्यांत छेदन नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिर बृहत्संहितेंत पन्नास अंगुळांचें खड्ग उत्तम ठरवितो आणि तें निष्कारण उपसूं नये, आपटूं नये, असें बजावतो. घडलेलें खड्ग प्रमाणाबाहेर लांब असल्यास तें तोडूं नये, घांसून प्रमाणांत आणावें. मुळाशीं तोडल्यास धन्याचा नाश होतो, असें त्याचें म्हणणें.

ह्यास कोणी भाबडेपणा म्हणेल. परंतु जपानी तलवारीचा इतिहास पाहतां ह्या निषेधाचें मर्म ध्यानीं येतें. तेथें कारागिराचें नांव पात्याच्या मुठीआड जाणाऱ्या भागावर कोरीत. पुढें लांब पातीं आंखूड करितांना तोच भाग कापला गेला व कित्येक नांवें कायमचीं बुडालीं. पोथीची पुष्पिका फाडावी, तसेंच हें झालें. येदो राजवटींत यामादा आसाएमोन घराण्यांतील पुरुष देहदंड झालेल्यांच्या शवांवर तलवारी पारखीत; त्या परीक्षेचा निकालही कधीं कधीं त्याच जागीं कोरला जाई. तेथील गंजसुद्धां जाणते पुसूं देत नाहींत, कारण वयाची साक्ष तोच देतो.

आतां मुठीचा विचार. जपानी पातें मुठीस बांबूच्या खुंटीनें जखडलेलें असतें. ती अभ्यासापूर्वीं तपासून बदलतां येते. आमच्या तलवारीचें पातें बहुधा लाख-राळेनें बसविलेलें असतें व ती कालांतरानें ठिसूळ होते. तरुणपणीं आम्हीं घरची तलवार केळीच्या खांबावर चालविली, तों मूठ हातीं राहिली व पातें उडून पायरीच्या दगडावर आदळलें. समोर कोणी नव्हतें, एवढेंच दैव. धारेस पडलेला खांडा आजही आहे.

सबब आमचें मत असें कीं, छेदनाभ्यासास आजच्या कारागिरानें घडविलेलें नवें, साधें पातें घ्यावें. त्याची लांबी व वजन आपल्या मनगटास झेपणारें असावें. मूठ घट्ट व खुंटी निकोप असावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यांतील तरतूद खरेदीपूर्वींच पाहावी. जुनें पातें मात्र लिंबावरही चालवूं नये. त्याचीं मापें घ्यावीं, लेखाचा ठसा उतरून घ्यावा, आणि घांसूनपुसून त्याचें जौहर घालवूं नये. नवें पातें मोडल्यास दुसरें मिळेल; जुन्यावरील अक्षर एकदां गेलें कीं गेलें. ज्यांच्या संग्रहीं लेखयुक्त पातीं असतील, त्यांनीं त्यांचे ठसे ह्या त्रैमासिकाकडे अवश्य धाडावे.