५० अंश, २ तास: बेणं गरम करायचा आणि पाणी मोजायचा इतिहास



उसाच्या बेण्याची उष्णजल प्रक्रिया म्हटलं की दोन आकडे आपल्याला पाठ असतात. पाणी ५० अंश सेल्सिअस, वेळ २ तास. शिबिरात ऐकलेले, पत्रकात वाचलेले, वहीत लिहून ठेवलेले. पण ही प्रक्रिया स्वतःच्या वस्तीवर केलेले शेतकरी गावात शोधा, बोटावर मोजण्याइतके निघतील. वेळ घड्याळात दिसते हो, पण ५० अंश कुठे दिसतो?

हाताचा अंदाज इथे चालत नाही. ४७ अंश, ५० अंश आणि ५३ अंश अशा तीन बादल्या भरा. तिन्हीतून हात चटकन बाहेर काढावा लागेल. हाताला तिन्ही सारख्याच, बेण्याला मात्र नाहीत. पाणी कमी तापलं तर रोग आत जिवंत राहतो आणि आपण निरोगी समजून तेच बेणं लावतो. जास्त तापलं तर डोळाच मरतो आणि लागणीत तुटाळ पडते. रोग मरतो आणि डोळा वाचतो अशी ही पट्टी फार अरुंद आहे. या अरुंद पट्टीचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

सुरुवात उसात नाही, धान्यात झाली. येन्स लुडविग येन्सन हा डेन्मार्कचा माणूस. १८८० च्या दशकात त्याने आधी बटाट्याच्या करप्यावर उष्णतेचे प्रयोग केले आणि मग गहू-बार्लीच्या काणीकडे वळला. गव्हाची मोकळी काणी फार लबाड रोग आहे. बुरशी दाण्याच्या वर नसते, आत कोंबातच लपलेली असते. दाणा बाहेरून ठणठणीत दिसतो, पेरणी होते, आणि ओंबी बाहेर पडते ती काळी भुकटी घेऊनच. त्या काळची मोरचुदासारखी औषधं दाण्याला वरून लागायची, आत पोहोचायची नाहीत. येन्सनने दाखवलं की ठरावीक उष्णतेचं पाणी आत पोहोचतं. पुढे गव्हासाठी पद्धत बसली ती अशी: दाणे आधी चार-पाच तास गार पाण्यात भिजवायचे, म्हणजे आतली झोपलेली बुरशी जागी होते, मग सुमारे ५४ अंशांच्या पाण्यात १० मिनिटं ठेवायचे आणि लगेच गार करून वाळवायचे.

उपाय बिनऔषधाचा आणि नामी. पण दोन-तीन अंश इकडे-तिकडे झाले की एक तर काणी राहते, नाही तर बियाणं जातं. प्रयोगशाळेत जमलं, चांगल्या बियाणे केंद्रावर जमलं. चुलीवर हंडा ठेवणाऱ्याला कसं जमणार?

या प्रश्नाचं सगळ्यात हुशार उत्तर आपल्याच उपखंडात निघालं. १९३४ साली पंजाबात लायलपूरच्या (आताचं पाकिस्तानातलं फैसलाबाद) कृषी महाविद्यालयातले लुथ्रा आणि सत्तार यांनी सूर्यतापाची पद्धत मांडली. मे-जूनच्या कडक उन्हात सकाळी चार तास गहू पाण्यात भिजवायचा आणि दुपारी चार तास पातळ पसरून उन्हात वाळवायचा. बस्स. थर्मामीटर नाही, बॉयलर नाही. उष्णतेचं काम पंजाबच्या उन्हाने केलं. मला या पद्धतीचं मोठं कौतुक वाटतं, कारण शेतकऱ्याकडे काय नाही हे ओळखून ती बनवली होती. शेतकऱ्याकडे तापमान मोजायचं साधन नाही, मग मोजायची गरजच काढून टाकली.

पुढे १९६६ मध्ये कार्बॉक्सिन हे आंतरप्रवाही बुरशीनाशक आलं. ते दाण्याच्या आत शिरतं, त्यामुळे गव्हासाठी गरम पाण्याची गरज जवळपास संपली. उसाचं मात्र तसं झालं नाही.

उसात आपण दाणा पेरत नाही, कांडी लावतो. आईच्या अंगातला रोग जसाच्या तसा लेकराकडे जातो. जावा बेटावर १८८० च्या दशकात 'सेरेह' नावाच्या रोगाने डच मळेवाल्यांचा ऊस झोपवला होता. तिथल्या संशोधक गेरार्डा विल्ब्रिंक यांनी बेणं गरम पाण्यात बुडवून हा रोग काढता येतो हे दाखवलं, त्यांचा लेख १९२३ चा. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये खोडव्याची वाढ खुंटवणारा रोग ओळखला गेला आणि त्यावरही ५० अंशांचंच पाणी कामी आलं. आपल्याकडची गवताळ वाढ तर सगळ्यांनी पाहिलेली आहे. बेटात गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे, ऊस होतच नाही. हा रोग फायटोप्लाझ्मामुळे होतो. बुरशी नाही, त्यामुळे बुरशीनाशकाचा उपयोग शून्य. बेणं गरम करणं हा रोग आतून काढायचा एक मार्ग, मग ते गरम पाण्याने असो की बाष्पयुक्त गरम हवेने.

म्हणून आपल्याकडे त्रिस्तरीय बेणे मळा आला. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित. पहिल्या पायरीवर संशोधन केंद्रात किंवा कारखान्यावर उष्णता प्रक्रिया, पुढे वाढवत वाढवत बेणं आपल्यापर्यंत. व्यवस्था चांगली आहे. पण प्रक्रिया वरच राहण्यामागे टाकी आणि हिटरच्या खर्चाइतकंच मोजमापही कारण होतं.

आता मोजमापाची गोष्ट. १७१४ मध्ये फॅरनहाइटने भरवशाचा पाऱ्याचा थर्मामीटर बनवला. १७४२ मध्ये स्वीडनच्या उप्साला गावात अँडर्स सेल्सिअसने पाण्यालाच मापक केलं. बर्फ वितळतो तो एक टोक, पाणी उकळतं ते दुसरं टोक, मधे १०० भाग. गंमत म्हणजे त्याने उकळीला ० आणि बर्फाला १०० धरलं होतं. १७४४ मध्ये तो वारला आणि लवकरच पट्टी उलटी झाली, तीच आपण आज वापरतो. यातली मोठी गोष्ट अशी की माप एखाद्या राजाच्या तिजोरीत नव्हतं. ज्याच्याकडे बर्फ आहे त्याच्याकडे ० अंश आहे.

काचेच्या थर्मामीटरने दोनशे वर्षं काम केलं. पण टाकीवर तो फुटतो, एकाच जागेचं तापमान सांगतो आणि २ तास कुणीतरी डोळे लावून बसावं लागतं.

तिथे बदल झाला तो दोन दिशांनी. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या डल्लास सेमीकंडक्टर कंपनीने तापमान मोजून थेट आकड्यात पाठवणारी चिप काढली. आज बाजारात स्टीलच्या टोपणात बंद मिळणारा डीएस१८बी२० सेन्सर तो हाच. प्रत्येक चिपला कारखान्यातच ६४ बिटचा स्वतंत्र नंबर दिलेला असतो, त्यामुळे एकाच वायरवर चार-पाच सेन्सर जोडता येतात. दुसरीकडे, २००५ मध्ये इटलीच्या इव्रेआ गावात एका डिझाइन संस्थेतल्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी स्वस्त बोर्ड बनवला. नाव दिलं अर्दुइनो, गावातल्या एका बारच्या नावावरून, आणि बारचं नाव इ.स. १००२ मधल्या राजा अर्दुइनवरून. संस्था बंद पडायच्या बेतात होती. काम वाया जाऊ नये म्हणून त्यांनी बोर्डाचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. म्हणूनच आज तसाच बोर्ड आणि सेन्सर मिळून काही शे रुपयांत तालुक्याच्या गावी पोचतो.

म्हणजे १९३४ मध्ये शेतकऱ्याकडे जे नव्हतं, ते आता आहे. पण आकडा दिसला म्हणजे तो खरा असतो असं नाही. वापरणाऱ्यांनी एवढं पाहावं:

१) पडद्यावर ४९.९४ दिसलं तरी हुरळून जाऊ नका. सेन्सर ०.०६२५ अंशाच्या पायऱ्या दाखवतो, पण कंपनीची हमी ±०.५ अंशाची आहे. शिवाय बाजारात नकली चिपा भरपूर आहेत.

२) बर्फाची परीक्षा घ्या. ग्लासभर बर्फाचा चुरा, फटी भरतील एवढंच गार पाणी, ढवळा, सेन्सर मधोमध धरा. दोन-तीन मिनिटांनी ० च्या आसपास अर्ध्या अंशात आकडा स्थिरावला पाहिजे. मग ३८-४० अंशांच्या कोमट पाण्यात ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरशी ताडून पाहा. उकळत्या पाण्यावर भरवसा ठेवू नका. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे कोल्हापूर-पुण्याकडे, पाणी साधारण ९८ अंशालाच उकळतं.

३) चालू करताच ८५ दिसलं तर ते तापमान नाही, सेन्सरने अजून मोजलेलंच नाही. उणे १२७ दिसलं तर वायर सुटली आहे किंवा ४.७ किलोओहमचा रेझिस्टर राहिला आहे.

४) टाकीत गरम पाणी वर, गार खाली. एक सेन्सर वर, एक तळाशी, एक टिपऱ्यांच्या मधोमध ठेवा आणि पाणी फिरतं ठेवा.

५) गार टिपरी टाकली की पाणी उतरतं. २ तास मोजायचे ते पाणी पुन्हा ५० वर आल्यापासून.

६) हिटर विजेचा असेल तर अर्थिंग जाणकार वायरमनकडून करून घ्या आणि पाण्यात हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा.

पहिल्या वेळी सगळं बेणं टाकू नका. पन्नास टिपरी प्रक्रियेची, पन्नास बिनप्रक्रियेची, शेजारी-शेजारी लावा. उगवण मोजा, पुढे गवताळ बेटं मोजा आणि वहीत लिहा. उष्णजल प्रक्रियेनंतर उगवण थोडी कमी येऊ शकते, किती कमी ते आपल्या जातीवर आणि आपल्या टाकीवर कळलं पाहिजे.

येन्सनची युक्ती आपल्यापासून इतकी वर्षं लांब राहिली ती अवघड होती म्हणून नाही. ५० अंश ओळखणारं साधन आपल्या हातात नव्हतं. आता साधन आलंय. ते खरं बोलतंय का, हे तपासायला बर्फाचा एक ग्लास पुरतो.