दोनाचे तीन करणारे अवजार

पायथन २ मध्ये ‘मराठी’ हा शब्द अवतरणचिन्हांत घालून त्याची लांबी विचारली, की फाइल यूटीएफ-८ असेल तर उत्तर मिळे १५. पायथन ३ ला तोच प्रश्न घाला, तो ५ सांगतो. बाराखडी शिकणारे मूल बोटे मोजून ३ म्हणेल. खोटे कोणीच बोलत नाही. पहिला बाइट मोजतो, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खाते. दुसरा म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे मोजतो. मूल अक्षरे मोजते. १५ वरून ५ वर येण्याला जगभरच्या प्रोग्रामरांची दहा-बारा वर्षे गेली. ते काम आपोआप व्हावे म्हणून एक अवजार खास घडवले होते. त्याची ही हकिकत.

पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ॲमस्टरडॅममध्ये लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. सतरा वर्षांनी, ३ डिसेंबर २००८ रोजी, पायथन ३.० आली ती जुन्या कोडशी जाणूनबुजून फारकत घेऊन. ‘प्रिंट’ हे आधी वाक्य होते, ते फंक्शन झाले. तीन भागिले दोनचे उत्तर पूर्वी १ येई, ते आता दीड येऊ लागले. मजकूर युनिकोड झाला आणि बाइटचा संसार वेगळा मांडला गेला. एवढी मोडतोड करताना भाषेच्या कर्त्यांनी लोकांच्या हाती दुरुस्तीचे अवजारही दिले होते. त्याचे नाव टू-टू-थ्री. आपल्याकडे दोनाचे चार होतात ते लग्नात. इथे दोनाचे तीन करतानाच दमछाक झाली.

या अवजाराचे घराणे जुने आहे. कोडचे वागणे न बदलता त्याची रचना सुधारायची, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ मध्ये इलिनॉय विद्यापीठात राल्फ जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली याच विषयावर पीएचडीचा प्रबंध लिहिला. जॉन्सन यांचेच विद्यार्थी जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी पुढे स्मॉलटॉक भाषेसाठी ‘रिफॅक्टरिंग ब्राउझर’ बनवला. त्यांचे पहिले अवजार स्वतंत्र प्रोग्राम होते, आणि ते कोणी वापरेना, खुद्द बनवणारेसुद्धा. विळी माळ्यावर ठेवली तर भाजी कोण चिरणार? मग त्यांनी ते प्रोग्रामर जिथे दिवसभर कोड लिहितो त्याच खिडकीत आणून बसवले, आणि ते चालले.

स्मॉलटॉकमध्ये त्यांना जी अडचण आली तीच पुढे पायथनला भोवली. जावासारख्या भाषेत प्रत्येक व्हेरिएबलची जात कोड चालण्याआधीच ठरलेली असते. स्मॉलटॉक किंवा पायथनमध्ये तसे काही नाही. हातात काय आले आहे हे कोड चालल्यावरच कळते. समजा, एका क्लासमधल्या ‘ॲड’ या मेथडचे नाव बदलायचे आहे. हजारो ठिकाणी ‘ॲड’ लिहिलेले आहे. त्यातले आपले कोणते आणि परके कोणते? ब्रँट आणि रॉबर्ट्स यांनी काढलेली तोड मोठी गमतीची होती. प्रोग्राम चालवायचा, जुन्या नावाने कोणी हाक मारली की हाक मारणाऱ्याला तिथल्या तिथे पकडायचे आणि त्याच्या कोडमधले नाव बदलून टाकायचे. अर्थात ज्या ओळी चाचणीत चालल्याच नाहीत, त्या जुनेच नाव घेत राहणार.

पायथनमध्ये आधी ‘बायसिकल रिपेअर मॅन’ आणि मग ‘रोप’ ही अवजारे आली. पहिल्याचे नाव माँटी पायथन या विनोदी चमूच्या एका प्रहसनावरून घेतलेले. भाषेचे नावही त्याच चमूचे. दोन्ही अवजारे तर्क लढवून चालत, आणि बहुतेक वेळा त्यांचा तर्क बरोबर ठरे.

टू-टू-थ्रीची मजल त्यापुढची होती. मोजक्या फाइलींऐवजी साऱ्या जगाचा कोड त्याला फिरवायचा होता. त्याची कारागिरी खरोखर देखणी होती. कंपायलर कोड वाचताना टिपा आणि मोकळ्या जागा फेकून देतो, कारण यंत्राला त्यांचा उपयोग नसतो. पण माणसाचा कोड माणसाला परत द्यायचा, तर त्याने लिहिलेली एकही टीप हरवून चालत नाही. म्हणून या अवजाराच्या पोटातली लिब-टू-टू-थ्री ही लायब्ररी प्रत्येक शब्दासोबत त्याच्या आधीची जागा आणि टीप बांधून ठेवी. तिच्या मूळ फाइलींच्या शिरावर दोन मालकांचे शिक्के दिसतात: एलिमेंटल सिक्युरिटी, २००४-०५ आणि गूगल, २००६. व्हॅन रॉसम आधी पहिल्या कंपनीत नोकरीला होते, मग दुसऱ्या. तिच्यातल्या मुख्य क्लासचे नावच ‘रिफॅक्टरिंग टूल’.

दुखणे तसे औषध, या न्यायाने प्रत्येक बदलासाठी एक ‘फिक्सर’ होता. डिक्शनरीत अमुक किल्ली आहे का, हे विचारणारी ‘हॅज-की’ नावाची जुनी मेथड होती. फिक्सर तिच्या जागी ‘इन’ हा शब्द घाली. समोरची वस्तू खरोखर डिक्शनरी आहे की नाही, हे मात्र त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. तुमच्या स्वतःच्या क्लासमध्ये त्या नावाची मेथड असली तर तिला मारलेली हाकही पालटली जाई. भागाकाराला तर त्याने हातच लावला नाही, कारण दोन्ही बाजूंना पूर्णांक आहेत की दशांश, हे कोण सांगणार? मजकूर आणि बाइट यांचेही तेच. जे बदल दहा बोटांनी सहज झाले असते ते यंत्राने केले, आणि जिथे डोके लावायचे ते माणसावर सोडले.

एक गंमत अनेकांनी अनुभवली. दोन किमती छापणाऱ्या ‘प्रिंट’च्या ओळीला फिक्सर कंस घाली. तीच फाइल चुकून पुन्हा त्यातून काढली, की आधीचा कंस म्हणजे दोन वस्तूंची जोडी असे समजून तो बाहेरून आणखी एक कंस चढवी, आणि पडद्यावर जोडी कंसासकट छापून येई.

अधिकृत सल्ला असा होता: मूळ कोड पायथन २.६ मध्येच ठेवा, टू-टू-थ्रीने त्याची पायथन ३ ची प्रत काढा, प्रतीला हात लावू नका. चूक दिसली तर मुळात सुधारा आणि पुन्हा प्रत काढा. दोन्हीकडे चालेल असा एकच कोड लिहिण्याच्या फंदात पडू नका, असेही बजावलेले होते. लायब्ररी बसवून देणाऱ्या सेटअपटूल्सने तर बसवतानाच हे रूपांतर करण्याची सोय दिली. पण अडचण अशी की चूक एका फाइलीत दिसे आणि सुधारावी लागे दुसरीत. लोक कंटाळले.

आणि त्यांनी नेमके तेच केले जे करू नका म्हणून सांगितले होते. दोन्ही आवृत्त्यांत चालेल असा एकच कोड लिहायला मदत करणारी ‘सिक्स’ ही छोटी लायब्ररी आली. दोन गुणिले तीन म्हणून सहा. ती लिहिणारे बेंजामिन पीटरसन टू-टू-थ्रीच्या विकासातही होते, याहून बोलका पुरावा नको. २०१२ मध्ये पायथन ३.३ ने युनिकोड मजकुराआधी ‘यू’ लावण्याची जुनी खूण पुन्हा स्वीकारली; काढून टाकलेली गोष्ट मुकाट्याने परत आणणे हे भाषेच्या कर्त्यांना शोभले, असे म्हटले पाहिजे. पायथन २ चा शेवट आधी २०१५ ला ठरला होता, तो २०२० वर ढकलला गेला. इन्स्टाग्रामने २०१७ च्या पायकॉन या पायथन परिषदेत आपले स्थलांतर सांगितले, तेव्हा त्यांनीही वेगळी शाखा काढलेली नव्हती; मुख्य कोडमध्येच थोडे थोडे बदलत ते पलीकडे गेले होते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या मर्क्युरिअलची तऱ्हा आणखी निराळी. तिथे जवळपास सगळा मजकूर बाइटच असायचा, म्हणून पायथन ३ वर फाइल उचलतानाच प्रत्येक अवतरणापुढे बाइटची खूण घालणारा कोड त्यांनी काही काळ वापरला.

मग टू-टू-थ्री वाया गेले का? दोनाचे तीन करण्याच्या कामात बऱ्याच अंशी, हो. त्याचे आतडे मात्र उपयोगी पडले. त्यातला पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची फोड करणारा भाग, घेऊन ‘पार्सो’ उभे राहिले आणि पार्सोवरून इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये लिब-सीएसटी बाहेर आणले, ज्यावर मोठमोठ्या कोडची सुधारणा आज चालते. वुकाश लांगा यांनी २०१८ मध्ये ‘ब्लॅक’ बनवला तोही याच लायब्ररीच्या प्रतीवर. ब्लॅक कोडची फक्त मांडणी बदलतो, आणि बदलण्याआधीचा व नंतरचा कोड अर्थाने एकच आहे का, हे स्वतः ताडून पाहतो. इतके छोटे वचन देणाऱ्या अवजारावर लोकांनी डोळे मिटून विश्वास टाकला.

पायथन ३.९ ने २०२० मध्ये नवा पार्सर घेतला आणि भाषेचे व्याकरण लिब-टू-टू-थ्रीच्या आवाक्याबाहेर वाढू लागले. सेटअपटूल्सने रूपांतराची सोय २०२१ मध्ये काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथन ३.१३ आली ती टू-टू-थ्रीवाचून. ब्लॅकच्या पोटातली प्रत ‘ब्लिब-टू-टू-थ्री’ या नावाने अजून चालू आहे.