कुब्ब : लाकडी राजा आणि व्हायकिंगांची थाप

मंडळी, आज जरा स्वीडनला जाऊ या. बाल्टिक समुद्रात गॉटलंड नावाचं बेट आहे. तिथला एक अंगणी खेळ मला फार आवडतो. नाव कुब्ब. तिथल्या बोलीत कुब्ब म्हणजे लाकडाचा ठोकळा.

साहित्य काय, तर दहा ठोकळे, सहा दांडके आणि एक राजा. सगळं लाकडाचं. साधारण ८ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद हिरवळ पुरते. दोन्ही टोकांना पाच-पाच ठोकळे, मधोमध राजा. दांडके खालून हात नेऊन फेकायचे, गरगर फिरवून फेकलेलं चालत नाही. समोरचे ठोकळे पाडायचे आणि सगळे पडले की शेवटी राजा. मध्येच चुकून राजा पडला तर मात्र डाव तिथेच हरलात!

खरी गंमत पुढे आहे. माझे पडलेले ठोकळे मी उचलून तुमच्या अर्ध्या भागात फेकायचे. ते तिथेच उभे राहतात आणि आधी ते पाडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नाही पाडता आले, तर तुम्हाला तेवढं पुढे येऊन नेम धरता येतो. त्यामुळे हरत आलेला डावही फिरतो, आणि आजोबा-नातू एकाच संघात आरामात खेळतात.

आता इतिहास. कुब्बला 'व्हायकिंग बुद्धिबळ' म्हणतात. व्हायकिंग म्हणे शत्रूची हाडं आणि कवट्या मांडून हा खेळ खेळायचे! ऐकायला झकास आहे, पण पुरावा काहीच नाही. गॉटलंडच्या गावांत विसाव्या शतकात हा खेळ होता, एवढं नक्की. नियम गावागणिक वेगळे. १९८०-९० च्या सुमारास तयार संच विकायला आले आणि खेळ स्वीडनभर पसरला. १९९५ पासून गॉटलंडमधल्याच रोने गावी जागतिक स्पर्धा भरू लागली. मग २००७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअरलाही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली.

मला प्रश्न पडतो तो हा, की त्या कवट्या हव्यातच कशाला? परंपरा म्हटली की ती हजार वर्षांची असावी, रक्ताने माखलेली असावी, असं आपल्याला का वाटतं? याच बेटावर स्टोंगा गावी १९२४ पासून लोकखेळांचा मेळा भरतो. चपटे दगड नेमाने फेकायचा वार्पा तिथे खेळतात. आपले खेळ विसरले जाऊ नयेत म्हणून शेतकरी माणसांनी ते जपले, मुलांना शिकवले. ही गोष्ट खरी आहे, आणि व्हायकिंगांची थाप मारली की नेमकी तीच झाकली जाते. श्रेय भलत्यालाच मिळतं.

असो. कुणी कुब्बचा संच आणलाच तर खुशाल खेळा. कवट्यांची गोष्टही सांगा हवं तर, पण पोरांना ती थाप आहे हेही सांगा. आणि राजाला शेवटपर्यंत हात लावू नका!