तळटीप : आगटी आणि हुरडा

रब्बी ज्वारीच्या कणसात दाणा भरलेला, पण अजून हिरवा व दुधाळ असतो, तेव्हा, म्हणजे साधारण पौषाच्या सुमारास, शेतातच उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव करतात, त्याला आगटी म्हणतात. तिच्या निखाऱ्यांत भाजलेली कणसे गरम असतानाच तळहातांवर चोळून जे दाणे सुटतात, तोच हुरडा. सोलापूर व मराठवाड्याकडे त्यासाठी गूळभेंडीसारखी गोड दाण्याची ज्वारी मुद्दाम पेरतात. चोळणाऱ्याचे तळवे पोळतात, काळे होतात आणि वर कूसही फुंकून काढावी लागते. म्हणून हे काम सहसा घरातील जाणत्या माणसाकडे असते व मुले नुसती हात पुढे करून बसतात. सोबत लसणाची चटणी, दही किंवा गूळ असतो.